रोमला गेलेली आई

हे काम घेऊ की नको, हे विचारायला मी तुळजापूरला गेलो, त्या दिवशी माझ्या मनात भक्तीपेक्षा धाकधूकच जास्त होती. आमचं घर पाथरवटाचं. नळदुर्गच्या पुढं, हैदराबादकडं जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या कडेला माझं पत्र्याचं शेड आहे. पाटे, वरवंटे, खल, उखळ आणि कुणी सांगितलंच तर मारुती, नंदी, म्हसोबा, असं मी आजवर घडवत आलो. वय चोपन्न. उजवा डोळा लहानपणापासून अधू; त्यानं उजेड आणि सावल्या एवढंच कळतं. सगळा कारभार डाव्या डोळ्यावर. पण हात चांगला आहे असं लोक म्हणायचे आणि लोक म्हणतात म्हणून मीही तसं मानायचो. हे मानणं किती वाढलं होतं, ते मला पुढं कळलं.

संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. उमरग्याच्या बाजूला एक छोटं चर्च आहे, तिथले फादर शेडपुढं मोटारसायकल लावून उतरले. चाळिशीचे, मूळ वसईकडचे, बोलायला मऊ. त्यांना चर्चच्या स्वयंपाकघरासाठी खल पाहिजे होता. खल बघता बघता त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथं मी हौसेनं घडवलेली, डोक्यावर घागर घेतलेली एक बाई होती. विकायला ठेवलेली नव्हती. फादर तिच्यापुढं उकिडवे बसले आणि तिच्या घागरीवरून त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाले, "मामा, आमच्या मरियामातेची मूर्ती कराल का? बाळ येशू कडेवर असलेली?"

मी म्हणालो, "फादर, आमी देवीची माणसं. तुमच्या देवाचं आमाला काय कळतंय?"

"कडेवर लेकरू घेतलेली बाई तर कळते ना?" ते हसले. मग त्यांनी नीट सांगितलं. पोप म्हणजे त्यांच्या धर्माचे सगळ्यांत मोठे गुरू. ते रोमला राहतात. चैत्रात ते आपल्या शेजारच्या देशात येणार होते आणि आपल्या भागातली काही माणसं त्यांच्या दर्शनाला निघाली होती. भेटीच्या वेळी आपल्याकडून त्यांना एक भेट द्यायची, त्यांच्याकडूनही एखादं चित्र, एखादी मूर्ती मिळते, अशी पद्धत. फादरांच्या मनात होतं की इथला काळा दगड द्यावा. "पण मरिया परदेशी दिसायला नको. आपल्याकडची बाई दिसली पाहिजे. लुगडं नेसलेली. आणि विमानात नेता येईल एवढीच करा, दीड वीत उंच."

मी लगेच हो म्हणालो नाही. भावकीत बोलणं झालं तर एकजण म्हणाला, "आपली आई सोडून दुसऱ्याची घडवतोस? इपरीत हुईल बघ." ते मनात रुतलं. दुसरीकडं एक वेगळीच ऊर्मी उठत होती. माझ्या हातचा दगड विमानात बसणार, एवढ्या मोठ्या माणसाच्या हातात जाणार. मी रात्रंदिवस त्या विचारानं फुगत होतो आणि त्याच विचाराला भीतही होतो. म्हणून तुळजापूरला गेलो. तिथं देवळाच्या आवारात एक गोल दगड आहे, चिंतामणी म्हणतात त्याला. दोन्ही हात ठेवून मनातलं विचारायचं. उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार. मी जन्मभर दगडाला हुकूम देणारा माणूस, त्या दिवशी दगडापुढं हात ठेवून बसलो. दगड हललाच नाही. मी पुन्हा विचारलं, तरी नाही. माझ्यामागं रांगेत उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "उठ बाबा. हालंना म्हंजी काम हुईल, पर येळ लागंल."

खरं सांगायचं तर मला त्या उत्तराचा रागच आला. वेळच तर नव्हता. चैत्राला दोन महिने राहिले होते. मी मनाशी म्हणालो, आई 'नाही' तर म्हणाली नाही ना, मग झालं. आणि परतताना फादरांना फोन करून काम घेतलं.

दगड मी स्वतः निवडला. भेग नसलेला, एकजीव, हातोडीनं वाजवला की घंटेसारखा बोलणारा. महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. फादरांनी साधी बाई सांगितली होती, पण माझं मन साध्यावर थांबेना. मी तिला मुकुट दिला. गळ्यात ठुशी, पुतळ्यांची माळ, दंडात वाकी. मागं महिरपीसारखी प्रभावळ आणि तिच्यावर वेलबुट्टी. आमची घरची, कमल, दुपारची भाकरी घेऊन शेडात यायची. एकदा ती बघून म्हणाली, "बाई कुठं दिसंना हिच्यात. सगळा दागिनाच दिसतोय." मी तिला गप्प बसवलं. तोंडाचा भाग मी शेवटी करणार होतो. कडेवरचं बाळही मला नीट साधत नव्हतं. ते कडेवर बसलंय असं वाटतच नव्हतं, वरून आणून चिकटवल्यासारखं दिसत होतं. पण ते मी कबूल करत नव्हतो. प्रभावळ अशी करू की बघणाऱ्याचं बाळाकडं लक्षच जाणार नाही, असा माझा डाव होता.

फाल्गुनातली दुपार. दिवस कमी राहिले म्हणून मी प्रभावळीची नक्षी छिन्नीनं करायची सोडून ग्राइंडर लावला होता. उकाड्यानं घाम गळत होता आणि संरक्षणाचा चष्मा सारखा धुरकट होत होता, म्हणून तो काढून खुंटीला लावला. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. एक कपची उडाली आणि डाव्या डोळ्यात घुसली. हातातलं यंत्र कुठं पडलं ते कळलं नाही. दगडावर काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज तेवढा ऐकला. वेदनेपेक्षा आधी जाणवलं ते असं, की शेड गेलं, रस्ता गेला, समोर नुसता भुरकट उजेड. अधू डोळ्याला दिसतं तेवढंच. कमल त्या दिवशी शेतात खुरपायला गेली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं.

मी चाचपडत रस्त्याच्या कडेला आलो आणि एक हात वर करून उभा राहिलो. गाड्या गेल्या. किती, ते सांगता येणार नाही. आवाज यायचा, वारा अंगावर यायचा आणि आवाज लांब जायचा. दुसरा हात डोळ्याकडं जात होता, चोळावंसं वाटत होतं, आत खुपत होतं. तेवढ्यात एक गाडी थांबली, दार आपटलं आणि कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं. "मुट्टब्याड्री, मुट्टब्याड्री!" आणि मग मराठीत, "हात लावू नका मामा, अजिबात लावू नका!"

आवाजावरून माणूस पस्तिशीचा वाटला. कानडी वळणाची मराठी. टेंपोत डाळीची पोती घेऊन तो मुरूमहून सोलापूरला निघाला होता. त्यानं मला सावलीत बसवलं. शेडापासून बऱ्याच लांबच्या चहाच्या टपरीवरून त्यानं कागदी कप आणला, तो उपडा माझ्या डोळ्यावर ठेवला, डोळ्याला कुठंही टेकणार नाही असा, आणि वरून आपला रुमाल हलक्या हातानं बांधला. पाणी मारू का, असं त्याच्या मागोमाग धावत आलेला टपरीवाला विचारत होता. हा म्हणाला, "न्हाय. पाणी न्हाय, फुंकर न्हाय, काय न्हाय." मग मला धरून टेंपोत बसवलं.

सोलापूरपर्यंतचा तो तासभर माझ्या आयुष्यातला सगळ्यांत लांब तास होता. तो एका हातानं गाडी चालवत होता आणि जमेल तेव्हा दुसऱ्या हातानं माझं मनगट धरून ठेवत होता, कारण माझा हात सारखा वर जात होता. मी विचारलं, "तुमाला हे कसं म्हाईत?" त्यानं पुढची गाडी ओलांडली. मग म्हणाला, "माझ्या धाकट्या भावाचा डोळा असाच गेला, वेल्डिंगच्या दुकानात. आम्ही सगळ्यांनी पाणी मारलं, चोळला, पदराचा बोळा करून दाबला. चांगल्या मनानंच केलं सगळ्यांनी. नंतर डॉक्टर म्हणाले, नुसतं झाकून आणलं असतं तर..." त्यानं माझं मनगट आणखी घट्ट धरलं. मी त्या अंधारात देवीचं नाव घ्यायला गेलो, पण तोंडून नाव निघण्याआधी मनात भलतंच निघालं. तुझं सोडून दुसरीचं घडवायला घेतलं म्हणून डोळा घेतलास का? हे मी आजवर कमल सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. त्या तासाभरात मी आईला हात जोडले नाहीत, तिच्याशी भांडलो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रुमाल सोडला आणि पहिला प्रश्न विचारला, "हा कप कुणी लावला?" मी म्हणालो, टेंपोवाल्यानं. त्या म्हणाल्या, "त्याला सांगा, तुम्ही अर्धं ऑपरेशन केलंत." संध्याकाळपर्यंत कपची निघाली, टाके पडले. टपरीवाल्याचा निरोप मिळून कमल येईपर्यंत तो माणूस बाहेर बाकावर बसून होता. त्याची पोती तशीच गाडीत. ती आल्यावर त्यानं तिला औषधांची चिठ्ठी दिली, "वैनी, मामांचा हात धरून ठेवा, ते लई चोळायला बघतेत," एवढं सांगितलं आणि निघून गेला. नाव सांगितलं नाही, आणि आमच्या गोंधळात आम्हीही विचारलं नाही.

डोळ्यावर पट्टी असतानाचे ते दिवस मी कधी विसरणार नाही. डोळा राहील की नाही, ते पट्टी निघाल्यावरच कळणार होतं. मी खाटेवर पडून होतो आणि मनातली ती शंका मला पोखरत होती. शेवटी एका दुपारी ती मी कमलला बोलून दाखवली. म्हणालो, "आईचा कोप झाला गं. दुसरीची मूर्ती केली म्हणून."

ती मोसंबं सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "आई काय सवत हाय व्हय, जळायला? लेकरू कडंवर घेतलेली बाई घडवली म्हणून आई मारंल? तुमी चष्मा काढून खुंटीला लावला, तो आईनं लावला न्हाय."

मला हसू आलं आणि डोळ्याला कळ लागली. पण त्या दिवसापासून छातीवरचं एक ओझं उतरलं. मी भांडण सोडलं. डोळा मिळू दे, असंही म्हणायचं सोडलं, कारण मागून मागून मी थकलो होतो. तुझं तू बघ, एवढंच म्हणत पडून राहायचो. त्यानंतर मला झोप लागायला लागली, हे मात्र खरं.

पट्टी निघाली तेव्हा मला आधी हिरवा रंग दिसला. नुसता हिरवा, ओला, हलणारा. मग त्या हिरव्याला काठ आला, काठावर बारीक पिवळी रेघ आली आणि मग कळलं की हे कमलचं लुगडं आहे, ती माझ्या अगदी पुढ्यात उभी आहे. मी वर बघितलं. तिचा चेहरा दिसला. पुसट होता, पण तिचाच होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चष्मा लागेल, बाकी काळजी नको. कमल मटकन स्टुलावर बसली आणि पदर तोंडावर घेऊन तिनं इतका मोठा श्वास सोडला, की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा फादरांना फोन लावला. शरम वाटत होती. म्हणालो, "फादर, माझ्यानं न्हाय झालं. महिनाभर हातोडी धरायची न्हाय म्हणलंय. तुमी दुसरा कारागीर बघा."

पलीकडून ते म्हणाले, "मामा, मी तुम्हाला फोन करणारच होतो. तिकडं त्या देशात काहीतरी अडचण झाली आहे. दौरा पुढं गेला. आता दसरा झाल्यावर. तुम्ही आधी बरे व्हा."

मी फोन ठेवला आणि ओसरीवर तसाच बसून राहिलो. हालंना म्हंजी येळ लागंल. कुठल्या देशातली अडचण, कुठला दौरा, आणि तुळजापूरच्या त्या आवारात माझ्या हाताखाली न हललेला दगड. याचा अर्थ काय लावायचा, ते मी ठरवत नाही. मला एवढंच आठवतं की मी पोटभर रडलो.

हातोडी धरायला परवानगी मिळायच्या आधी एक काम करायचं होतं. कमलनं त्या दिवशी टेंपोच्या मागं मुरूमचं नाव आणि नंदीचं चित्र बघितलं होतं. तेवढ्या खुणेवर आम्ही एसटीनं मुरूमला गेलो. बाजारात दोन-तीन डाळमिलांत विचारलं. तिसऱ्या ठिकाणी हमाल म्हणाला, "नंदीवाला? मल्लिनाथ. ह्या गल्लीच्या शेवटी."

मल्लिनाथ घरीच होता. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बनियन. त्यानं मला ओळखायला क्षणभर वेळ घेतला, कारण तेव्हा माझा अर्धा चेहरा रुमालाखाली होता. ओळखल्यावर तो आनंदला, आणि आम्ही पाया पडायला वाकलो तसा घाबरून मागं सरला. "असलं काय करू नका मामा, मी लहान हाय." आत त्याचा धाकटा भाऊ होता. एक डोळा बंद, ती बाजू दिसू नये असं तोंड फिरवून बसायची सवय असलेला. मल्लिनाथनं त्याला माझ्याबद्दल सांगितलं असावं, कारण तो उठून आला आणि माझ्यासमोर उभा राहून माझ्या डाव्या डोळ्यात बघत राहिला.

"दिसतंय?" त्यानं विचारलं.

"दिसतंय."

"सगळं?"

"चष्मा लावला की सगळं."

तो वळून भावाला म्हणाला, "अण्णा, ह्यांचा राहिला." आणि हसला. त्या हसण्यात कुठंही खंत नव्हती. स्वतःचंच काहीतरी परत मिळाल्यासारखा तो हसला. मल्लिनाथ मात्र मान खाली घालून उभा होता. मला वाटतं, त्या कपाच्या निमित्तानं त्या दोघा भावांमधलंही काहीतरी सुटलं असावं. मी ते विचारलं नाही.

तेवढ्यात त्यांची आई दारात आली. साठीची, काळीसावळी, डोक्यावरून पदर, कडेवर मल्लिनाथची दीड-दोन वर्षांची लेक. "बर्री, कूडरी," म्हणजे या, बसा, असं म्हणून ती तिथंच उंबऱ्यात उभी राहून आमच्याशी बोलू लागली. मी तिच्याकडं बघतच राहिलो. पोरीच्या वजनानं तिच्या कमरेची एक बाजू बाहेर निघाली होती, दुसऱ्या बाजूचा खांदा खाली झुकला होता, आणि ज्या हातानं तिनं पोरीला धरलं होतं तो हात जणू तिचा नव्हताच, तो आपोआप धरून होता. तिचं लक्ष आमच्याकडं, बोलण्याकडं, चुलीवरच्या दुधाकडं. आणि पोरगी मात्र पूर्ण बिनघोर, एक पाय लोंबता सोडून. पोरगी आजीला धरत नव्हती. पडायची भीती तिला माहीतच नव्हती. माझ्या मूर्तीत काय चुकलं होतं ते मला त्या उंबऱ्यात कळलं. मी बाळाला आईच्या गळ्याला घट्ट मिठी मारायला लावली होती. आईनं धरलंय म्हटल्यावर लेकरू कशाला धरून ठेवेल?

शेडात परत गेलो तेव्हा मूर्तीवर धूळ बसली होती. ग्राइंडर पडला तेव्हा प्रभावळीचा अर्धा भाग उडाला होता आणि मुकुटाची कड गेली होती. आधी वाटलं, दुसरा दगड घ्यावा. मग मी नुसता बसून बघत राहिलो. जे मोडलं होतं ते सगळं मी फादरांनी न सांगता घातलेलं होतं. बाई शाबूत होती. मग मी उरलेली प्रभावळ काढली. मुकुट काढला, त्या जागी दगड पुरेसा होता, तिथं पदर निघाला. माळा काढल्या. यंत्राला हात लावला नाही. छिन्नी आणि हातोडी, आणि चष्मा डोळ्यावर. बाळाची मिठी सोडवली. हात गळ्यापासून सुटा करायचा आणि पाय लोंबता काढायचा म्हणजे जोखीम होती, एक घाव चुकला असता तर गेलं असतं. पण मला भीती वाटली नाही. त्याआधी मी प्रत्येक घावाला दगड माझ्या मनासारखा व्हावा म्हणून जोर लावायचो. आता घाव घालायचो आणि थांबायचो.

माझी नजर अजून पूर्ण बसली नव्हती. खोलीचा अंदाज चुकायचा. तेव्हा कमल शेजारी बसायची आणि बोटं फिरवून सांगायची. "हितं खरबरीत लागतंय. हितं गाल जरा सुजल्यावानी हाय." घासायचं काम तर तिनंच केलं, पाणी घालून, दिवस दिवस. मरियेच्या चेहऱ्याला मी फार काही केलं नाही. डोळे थोडे खाली, ओठ मिटलेले, कुणाशीतरी बोलता बोलता थांबल्यासारखे. तो चेहरा मुरूमच्या त्या आजीचा आहे का, कमलचा आहे का, की आईचा, हे मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. पूर्ण झाल्यावर कमलनं आधी तिला हळद-कुंकू लावायला हात पुढं केला, मग थबकली आणि म्हणाली, "ह्यांच्यात चालतंय का?" मी म्हणालो, "ठाऊक न्हाय." तिनं मग नुसते हात जोडले.

भादव्यात फादर मूर्ती न्यायला आले. शेडात शिरले आणि गुडघे टेकून बसले, तिथंच, दगडाच्या भुकटीत. मी बाजूला झालो. बऱ्याच वेळानं ते उठले, पँटला लागलेली भुकटी झटकली नाही, आणि म्हणाले, "मामा, मी एवढीच मागितली होती. तुम्हाला कसं कळलं?" मी म्हणालो, "फादर, कळलं न्हाय. मोडल्यावर दिसलं."

दसरा झाला, दिवाळीही आली. फादर परत आल्यावर त्यांनी आम्हाला रविवारी चर्चला बोलावलं. आधी फोनवर भेटीचं चित्रण दाखवलं. मोठा दिवाणखाना, रांगेत उभी माणसं, पांढऱ्या झग्यातले वृद्ध पोप. आपली माणसं पुढं झाली, कापड बाजूला केलं. पोपनी मूर्ती दोन्ही हातांनी धरून बघितली, जवळच्या माणसाला काही विचारलं, आणि बाळाच्या लोंबत्या पावलावरून अंगठा फिरवला. एवढंच. बाकी सगळं दहा-बारा क्षणांत संपलं, पुढची माणसं आली. ज्या गोष्टीसाठी मी दोन महिने फुगून बसलो होतो ती एवढीशी होती. आणि मला गंमत वाटली, की मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. उलट हलकं वाटलं. मूर्ती आता त्यांच्याबरोबर रोमला गेली आहे, असं फादर म्हणाले.

बदल्यात मिळालेली भेट चर्चच्या भिंतीवर लावली होती. लांबून मला वाटलं, रंगाचं चित्र आहे. मरिया आणि बाळ, निळं वस्त्र, मागं सोनेरी. जवळ गेलो, चष्मा सारखा केला आणि दचकलो. रंग नव्हताच. डाळीच्या दाण्याएवढे रंगीत दगडाचे आणि काचेचे तुकडे, एकेक करून बसवलेले. निळ्यात वीस तऱ्हेचे निळे. बाळाच्या गालावर तर तुकडे इतके बारीक की चिमट्यानं धरले असणार. मी फादरांना विचारलं, "हे कुणी केलं?" ते म्हणाले, "रोमच्या एका कारखान्यातल्या कुणा कारागिरानं. नाव नाही कळलं."

मी तिथून हललो नाही. त्या तुकड्यांच्या ओळींवरून मला त्याचा हात दिसत होता. इथं तो घाईत होता. इथं एक तुकडा काढून परत बसवलाय. इथं, डोळ्याच्या कोपऱ्यात, तो बराच वेळ थांबला असणार. कुठल्या देशातला, कोणती भाषा बोलणारा, तो म्हातारा आहे की तरुण, बाप्या आहे की बाई, काही ठाऊक नाही. त्यालाही माझं काही ठाऊक नसणार. दोघांची कामं एकमेकांच्या गावाला पोचली. मी त्याच्यासाठी हात जोडले. त्याच्या डोळ्यांसाठी.

प्रार्थना झाल्यावर फादरांनी मला पुढं बोलावलं. म्हणाले, मूर्ती घडवणारे मामा दोन शब्द बोलतील. समोर चाळीस-पन्नास माणसं. आमच्यासारखीच, रानात राबणारी, शाळेत शिकवणारी, मिस्तरीकाम करणारी. पूर्वी मी अशा क्षणासाठी मनात भाषणं रचली होती. आता त्यातला एक शब्द आठवेना. कपाचं सांगावं की मल्लिनाथचं, तुळजापूरचं की मुरूमच्या उंबऱ्याचं? मी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. शेवटी माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"म्या लई अडवलं. तिनं करून घेतलं."

मागच्या बाकावरून कुणी म्हातारी हळूच म्हणाली, "आमेन." मग आणखी दोघं-चौघं म्हणाले. बायकांच्या बाजूला बसलेल्या कमलनं इकडंतिकडं बघितलं, त्या शब्दाचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. तिनं पदर नीट डोक्यावर घेतला, हात जोडले आणि तीही म्हणाली, "आमेन."